माळ्यावरचा संगणक

मागील अंकात पेढीवरील जुन्या रोजकीर्दी व खतावण्या वाळवीपासून आणि दमट हवेपासून कशा जपाव्यात याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एका भगिनींचा प्रश्न मोठा मार्मिक होता. त्यांच्या घरी १९९० पर्यंतच्या लाल चोपड्या व्यवस्थित बांधून ठेवलेल्या आहेत. त्यानंतर पेढीत संगणक आला आणि चोपड्या थांबल्या. तो संगणक, त्याची कार्डे, तारा, फ्लॉप्या हे सारे आज माळ्यावर पोत्यात पडून आहे. ‘त्याला चोपडी समजून जपावे की भंगार समजून द्यावे?’ असे त्यांनी विचारले आहे.

या विषयात मला जे थोडेफार कळते ते एका चुकीतून कळले. म्हणून आधी ती चूकच सांगते.

सांगलीत आमची हळदीची अडत. मामंजींनी १९८९ मध्ये पेढीत पहिला संगणक घेतला. आयबीएमने १९८३ मध्ये बाजारात आणलेल्या एक्सटी या नमुन्याबरहुकूम जोडलेला तो संगणक होता. त्यात वीस मेगाबाइटची सीगेट एसटी-२२५ ही हार्ड डिस्क होती. आजच्या मोबाइलमधील पाच-सहा छायाचित्रांनी ती भरून जाईल. पण त्या काळी आमच्या साऱ्या शेतकऱ्यांची खाती तिच्यात मावून जागा उरत असे. मामंजींचा एक नेम होता. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी पेढी बंद करण्यापूर्वी ते ‘पार्क’ ही आज्ञा टंकित करीत आणि मगच बटण बंद करीत. वाचणारी सुई तबकडीवरील हिशेबांपासून दूर, मोकळ्या जागी नेऊन ठेवण्याची ती आज्ञा. त्या जातीच्या डिस्कची सुई वीज गेल्यावर आपोआप बाजूला जात नसे. दिवाणजी हसत, मामंजी मात्र कुलूप लावल्याखेरीज दुकान सोडावे तसेच ते मानीत.

पुढे नवे संगणक आले आणि जुने माळ्यावर गेले. माझ्या धाकट्या भाऊजींना या यंत्रांचा छंद जडला. बाजारपेठेतील इतर दुकानांनी टाकून दिलेले संगणकही ते घरी आणू लागले. पाहता पाहता माळ्यावर नऊ यंत्रांचा पसारा झाला. भाऊजी बंगळूरला नोकरीस गेले तरी पसारा राहिला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराचे पाणी पेढीत शिरले. तळमजल्यावरील कागद, त्यांत संगणकावरून छापून काढलेल्या खतावण्याही, चिखलात गेल्या. माळा तेवढा कोरडा राहिला. पाणी ओसरल्यावर साऱ्या घराची साफसफाई निघाली आणि त्या भरात मी माळाही आवरला. स्वयंपाकघरात आपण डाळीजवळ डाळी आणि मसाल्याजवळ मसाले ठेवतो, त्याच रीतीने मी सारी कार्डे एका खोक्यात, साऱ्या डिस्क दुसऱ्यात, तारा तिसऱ्यात लावल्या. नऊ खोकी, प्रत्येकावर ठळक अक्षरांत नाव. भाऊजींचा ‘गोंधळ’ मोडल्याचे समाधान मला पुढची दोन वर्षे पुरले.

दोन वर्षांनी एक प्रौढ शेतकरी भगिनी पेढीवर आल्या. त्यांच्या वडिलांचे निधन झाले होते आणि त्यांच्या पेटीत आमच्या पेढीची १९९२ ची एक हळदपट्टी सापडली होती. तळाशी मामंजींच्या हस्ताक्षरात ‘बाकी रक्कम ठेव खाती जमा’ एवढेच लिहिलेले. रकमेच्या जागी कागद दुमडून फाटलेला. बाईंनी काहीही मागितले नाही. ‘वडिलांनी ते पैसे नेले होते का, एवढे बघून सांगा,’ असे म्हणाल्या. छापील खतावणी पुरात गेलेली. मामंजी आता नव्वदीत. त्यांना ते शेतकरी आठवले, त्यांची बैलजोडीही आठवली, रक्कम मात्र आठवेना. त्या खात्याचा उतारा जगात एकाच ठिकाणी उरला होता, आणि ते ठिकाण मी आवरून ठेवलेले होते.

डिस्क सापडली. ती कोणत्या कार्डाची, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

येथे थोडे यंत्राविषयी सांगणे भाग आहे. आजच्या डिस्कमध्ये लेखन-वाचनाची सारी बुद्धी डिस्कच्याच अंगात असते. त्या काळच्या डिस्कमध्ये तबकड्या, मोटर आणि सुई एवढाच सरंजाम असे. अक्षरे कोणत्या वळणाने लिहावयाची हे संगणकात बसविलेले वेगळे नियंत्रक कार्ड ठरवीत असे. एका कार्डाने लिहिलेली डिस्क दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला बहुधा वाचता येत नाही. डिस्क हे मोडीतले दप्तर मानले, तर कार्ड म्हणजे ते वळण जाणणारा एकमेव कारकून. मी दप्तर एका खोलीत आणि कारकून दुसऱ्या खोलीत बसवून दोघांच्याही दारांवर सुबक पाट्या लावल्या होत्या.

भाऊजींना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘वहिनी, त्या पसाऱ्यात प्रत्येक यंत्र आपापल्या सामानासह एका पोत्यात होते.’ रागावले असते तर बरे वाटले असते.

पुण्यातील जुनी यंत्रे दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ मदतीस आले. कार्डांच्या खोक्यात एक चौतीस टाचण्यांची आणि दोन वीस टाचण्यांच्या जोडण्या असलेली कार्डे त्यांनी वेगळी काढली. अशी पाच निघाली. एकेक बसवून पाहिले. पहिल्या दोहोंनी ‘डिस्क वाचता येत नाही’ असा संदेश दिला. त्या वेळी एखाद्या उतावळ्या माणसाने डिस्क नव्याने फॉरमॅट केली असती, तर सारे तिथेच संपले असते. ज्यांच्या घरी अशी डिस्क असेल त्यांनी हे एक वाक्य मनात कोरून ठेवावे: वाचता येत नाही याचा अर्थ रिकामी आहे असा नव्हे.

पुढे काय झाले ते शेवटी सांगते. त्यानंतर आम्ही सारा संग्रह पुन्हा लावला, त्याची रीत आधी.

पहिला नियम भाऊजींचाच: जातीप्रमाणे नव्हे, कुळाप्रमाणे मांडणी. एका यंत्राची डिस्क, तिचे कार्ड, त्यांना जोडणाऱ्या तारा, कळफलक, सोबतच्या फ्लॉप्या व माहितीपुस्तिका हे सारे एका पेटीत. दिसायला सारखे ते सारखेच, हा आपला दुकानातला अनुभव येथे फसवतो. फ्लॉपीची आणि जुन्या हार्ड डिस्कची, दोन्ही पट्ट्या चौतीस तारांच्या. पुष्कळदा दोन्हींत मध्येच काही तारांना पीळ दिलेला. पीळ मात्र वेगवेगळ्या तारांना असतो आणि अदलाबदल केली की काम होत नाही. एक्सटीचा कळफलक आणि त्यानंतरच्या एटीचा कळफलक यांचा पाच टाचण्यांचा खुंट एकच, पण संकेत निराळे. काही कळफलकांच्या पाठीवर ही निवड करणारी छोटी कळ असते. चाळीस टाचण्यांची एकच रुंद पट्टी लागणारी, आयडीई म्हणतात ती डिस्क असेल तर ताटातुटीचे भय बरेच कमी, कारण तेथे नियंत्रक डिस्कवरच आला.

दुसरे काम साठा-वहीचे. ते आपल्या घरांना शिकवावे लागत नाही. प्रत्येक पेटीला आणि वस्तूला क्रमांक. वहीत वस्तू, ती कोणत्या यंत्राची, तिचा जोडीदार कोणता आणि शेवटची चालू स्थितीत कधी पाहिली, एवढे रकाने. कार्डांवर ‘जंपर’ नावाच्या इवल्या टोप्या असतात. त्यांची जागा बदलली की कार्डाचा स्वभाव बदलतो. काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. जुन्या डिस्कच्या अंगावरील चिठ्ठी कधीही खरवडू नये. आमच्या एसटी-२२५ साठी ६१५ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर हे आकडे लागतात. एटी संगणकात असे आकडे बरोबर भरले नाहीत तर चांगली डिस्कही मुकी राहते. काही चिपांना काचेची खिडकी असून वर चिकटपट्टी लावलेली असते. तीही घाण समजून काढू नये. अतिनील प्रकाश आत गेला की चिपमधील लेखन पुसले जाते. खुणेसाठी डिंकाच्या चिठ्ठ्या नकोत, त्या चार वर्षांत गळतात. साडीच्या दुकानात किमतीसाठी वापरतात तसली दोऱ्याची चिठ्ठी बांधून तीवर पेन्सिलीने लिहावे.

तिसरी गोष्ट तातडीची आहे. हा अंक हाती आला त्याच आठवड्यात करावी अशी. २८६, ३८६ आणि ४८६ जातीच्या अनेक मदरबोर्डांवर घड्याळासाठी एक छोटी नळीसारखी बॅटरी डाख देऊन बसविलेली असते. ती निकेल-कॅडमियमची. काही वर्षांनी ती पाझरते आणि तिच्यातील क्षार तांब्याच्या बारीक रेघा खाऊन टाकतो. आमच्या संग्रहात पुराने एकही बोर्ड गेला नाही. या बॅटऱ्यांनी तीन नेले. हिरवट-निळी पूड दिसली की समजावे. बॅटरी जाणकाराकडून कापून काढावी, डागावर कापसाने थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून क्षार मारावा आणि मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून नीट वाळवावे. बटणासारख्या लिथियम बॅटऱ्या सहसा पाझरत नाहीत, तरी त्याही काढून ठेवलेल्या बऱ्या. आणि जिज्ञासेपोटी ‘चालतो का पाहू’ म्हणून वीस-तीस वर्षे पडलेल्या संगणकाला एकदम वीज देऊ नये. वीजपुरवठ्याच्या डब्यातील जुने कपॅसिटर धूर काढतात. जुना मॉनिटर तर उघडूच नये. बंद असतानाही त्यात जिवावर बेतणारा दाब साठून राहू शकतो.

वेष्टनाविषयी आपल्या घरातील जवळजवळ प्रत्येक सवय येथे चुकीची ठरते. साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि थर्माकोल स्थितिविद्युत निर्माण करतात. कार्डासाठी करड्या, रुपेरी झाक असलेल्या पिशव्या मिळतात त्या घ्याव्यात. गुलाबी पिशव्या स्वस्त असतात, पण बाहेरचा झटका अडवीत नाहीत. तारांचे मऊ प्लॅस्टिक थर्माकोलला टेकून राहिले तर काही वर्षांत त्यात रुतून बसते. रबरबँड वितळून चिकटतात. डांबराच्या गोळ्यांची वाफ काही प्लॅस्टिकांना मऊ करते. खाकी खोकी दमट हवा पितात. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या पेट्या उत्तम, भाजीचे जाळीदार क्रेट नव्हेत. आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात. रंग बदलणारे दाणे घेतले तर पुडी कधी भरली ते कळते. निळ्यापेक्षा केशरी दाणे बरे, आणि पुन्हा वाळविण्यासाठी ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. आणखी एक: कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने घासण्याची दुरुस्तीवाल्यांची जुनी खोड आहे. त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. अल्कोहोल लावलेला कापूस पुरे.

जागा निवडताना आम्ही बराच वाद घातला. तळमजल्याला पुराचे भय, पत्र्याखालच्या माळ्यावर उन्हाळ्याचा जाळ. शेवटी पहिल्या मजल्यावरील आतल्या खोलीचे कपाट पेट्यांसाठी रिकामे झाले, म्हणजे मी रिकामे केले. फ्लॉप्या उभ्या, ध्वनिवर्धकांपासून व लोहचुंबकापासून दूर. ज्या फ्लॉपीच्या तबकडीवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसतील ती यंत्रात घालू नये. ती तर जातेच, यंत्राची सुईही खराब करते.

नऊ यंत्रांपैकी चार आम्ही ठेवली. उरलेल्यांतील उपयोगी भाग इतर छांदिष्टांना दिले आणि बाकीचे अधिकृत ई-कचरा केंद्राकडे पाठविले. १ एप्रिल २०२३ पासून त्याचे नवे नियम लागू आहेत. भंगारवाल्याकडे गेलेल्या कार्डांतले सोने काढण्यासाठी आम्ल वापरले जाते, तारा जाळल्या जातात. तो धूर कोणाच्या तरी घरात जातोच. मात्र देण्यापूर्वी डिस्क काढून घ्यावी, तिच्यात आपल्या ग्राहकांची खाती असतात. पेढीत देवनागरीसाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसविले असेल तर तेही त्या डिस्कसोबतच ठेवावे. ते नसेल तर मराठी नावे पडद्यावर निरर्थक चिन्हांसारखी दिसतात.

आता त्या पाच कार्डांकडे वळते. तिसरे कार्ड बसविले तेव्हा डिस्कने एक लांब घरघर केली आणि पडद्यावर यादी उमटली. मामंजी शेजारीच बसले होते. त्या गृहस्थांनी यादी पाहिली आणि विचारले, ‘शेवटी बंद करताना पार्क केली होती ना?’ मामंजींना त्या प्रश्नाचाच थोडा राग आला.

खाती डीबेस पद्धतीच्या फायलींत होती. त्या फ्लॉप्यांवर घेऊन, दोन्ही प्रकारच्या फ्लॉपी चालणाऱ्या एका मधल्या काळातील संगणकामार्फत आजच्या संगणकावर आणल्या. लिबरऑफिस या मोफत प्रणालीत त्या सरळ उघडल्या. ठेव खात्यावर ४,२१५ रुपये जमा होते, नावे काहीच नव्हते. बाईंना निरोप धाडला. मुद्दल त्यांनी घेतले. व्याजाचा दर काय धरावा यावर मामंजी आणि माझे यजमान यांच्यात तीन दिवस चर्चा चालली आणि शेवटी मामंजींचे म्हणणे राहिले.

खात्याचा तो उतारा छापून एका लिफाफ्यात घातला आहे. पेटी क्रमांक एकमध्ये डिस्क, कार्ड आणि दोन्ही तारा यांच्यावर तो ठेवला असून साठा-वहीत त्याची नोंद भाऊजींनी स्वतः येऊन केली.