डीफॉल्ट व्हॅल्यू

पेणच्या घरी मागच्या रविवारी हक्कसोडपत्राचा मसुदा वाचून झाला. आत्या हसत म्हणाली, "भावाकडे कसली रे जमीन मागायची?" भाऊ म्हणजे माझे बाबा. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच वाटा दिलाय हे तिला पक्कं माहीत आहे. मलाही. पण मी गप्प बसलो. सोयीचं होतं ना!

दुपारी एका मित्राबरोबर रोह्याकडच्या एका कातकरी वाडीवर गेलो. तो वनहक्काची कागदपत्रं करून देतो. तिथे एक मावशी भेटली. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आलेली. आईबापांची दळी, म्हणजे नाचणी-वरीची डोंगरउतारावरची जमीन. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली तिचा पट्टा झाला तो आई नि बाप दोघांच्या नावाने. आता दोघंही नाहीत, आणि दळी भाऊ कसतात. "माझं नाव लागंल का त्याच्यात?" मित्र म्हणाला, "बघावं लागेल." घरी येऊन मीच बघत बसलो.

तर गंमत अशी. आत्याला वाटा देणारा १९५६ चा हिंदू वारसा कायदा मावशीला लागूच नाही. त्याचं कलम २(२) सांगतं की केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागणार नाही. वनहक्क कायदा म्हणतो, पट्टा वारसाहक्काने जाईल, विकता येणार नाही. पण मुलगी आणि मुलगा यांच्यात वाटणी कशी, ते सांगत नाही. म्हणजे राहिली रूढी. आणि कोर्टात रूढी नुसती सांगून चालत नाही, ती जुनी, अखंड आणि निश्चित असल्याचं सिद्ध करावं लागतं.

वाडीतल्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं होतं, मुलीला देता का? "देतो की, भावांनी मनावर घेतलं तर." आता या "तर"चं कोर्टाने काय करायचं? त्याला हो किंवा नाही हवं असतं. आणि एकदा निकालात लिहिलं गेलं की ते "तर" कायमचं गोठतं.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर खरं भांडण डीफॉल्ट व्हॅल्यूचं आहे. रूढी कुठल्याच बाजूने सिद्ध झाली नाही तर काय धरायचं? १९९६ साली मधू किश्वर खटल्यात सुप्रीम कोर्टाने छोटा नागपूरचा मुलग्यांच्या बाजूचा कायदा रद्द केला नाही. पोट जमिनीवर आहे तोवर बाईला तिथून हलवायचं नाही, एवढंच दिलं. जुलै २०२५ मध्ये मात्र छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात (दावा १९९२ चा, हिशोब करा!) कोर्टाने पारडं फिरवलं. खालची कोर्टं म्हणत होती, बाईला वाटा मिळतो ही रूढी सिद्ध करा. सुप्रीम कोर्ट म्हणालं, मिळत नाही अशी तरी रूढी कुठे सिद्ध झालीय? मग समानता. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हिमाचलच्या हायकोर्टाने आदिवासी मुलींना थेट हिंदू कायदा लावला होता तो भाग सुप्रीम कोर्टाने काढून टाकला.

वरवर उलटसुलट वाटतं, पण मला हे जुळतं असं वाटतं. परका कायदा अख्खा कॉपी-पेस्ट करू नका, पण रिकाम्या जागी "फक्त मुलगा" असंही धरू नका. वाटा नाही म्हणणाऱ्याने पुरावा आणावा.

जमीन जावयामार्फत जमातीबाहेर जाईल, ही भीती खोटी नाही. पण त्याला महाराष्ट्रात वेगळं कुलूप आहे: आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायला सरकारी परवानगी लागते, आणि वनहक्काची तर विकताच येत नाही. मुलीला वगळून ते कुलूप घट्ट होत नाही.

पेण-रोहा पाचव्या अनुसूचीत नाहीत, त्यामुळे रूढी जपायचं काम ग्रामसभेवर सोपवणारा पेसा कायदा इथे नाही. तरी वाडीने बसून, बायकांसकट, आपली रीत काय ते लिहून ठेवायला कोणाची हरकत आहे? कोर्टाने उद्या विचारलं तर निदान वाडीचा स्वतःचा कागद असेल.

असो. मावशीचा अर्ज मित्राने लिहून घेतलाय, भावांना सांगून. आत्याची सही पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी बाबांशी बोलायचंय, आणि ते मला जास्त अवघड वाटतंय.