परसातील गोड पान

गेल्या नाताळात आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका घरी भेटीस गेलो होतो. नेवऱ्या, कुलकुल व दोदोल यांनी भरलेली ताटे शेजाऱ्यांकडे रवाना होत होती. परंतु घरच्या आजीबाई मात्र बिनसाखरेचा चहा पुढ्यात घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. मधुमेहाने त्यांची व गोडाची ताटातूट केली होती. तेवढ्यात धाकट्या सूनबाईंनी परसातून चार हिरवी पाने खुडून आणली, धुऊन पेल्यात टाकली आणि वर बशी झाकली. थोड्या वेळाने आजीबाईंनी घोट घेतला व त्यांचा चेहरा उजळला. “आता गोळ्या कशाला हव्यात?” असे त्या हसत म्हणाल्या. त्यांच्या या उद्गारानेच आम्हांस आजचे हे टिपण लिहावयास लावले.

ते पान स्टेव्हियाचे. आपल्याकडे कोणी त्याला गोड तुळस म्हणतात, परंतु तुळशीशी त्याचे नाते नाही. ते शेवंतीच्या कुळातले आहे. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देश. तेथील ग्वारानी लोक आपल्या माते नावाच्या कडवट पेयात हे पान पूर्वापार घालीत आले आहेत. याच ग्वारानी लोकांत येशूसंघाच्या धर्मगुरूंनी वसाहती उभारल्या होत्या. त्यांपैकी रोके गोन्झालेझ यांना 1628 साली हौतात्म्य प्राप्त झाले व 1988 साली संतपद मिळाले. मोइसेस बेर्तोनी या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1899 साली या रोपाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि 1931 साली दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्यातील गोड द्रव्य वेगळे काढले. हे शुद्ध द्रव्य साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड असते.

हे रोप बियांपासून क्वचितच नीट उगवते. म्हणून ओळखीच्या घरून वीतभर फांदी आणावी, खालची पाने काढावीत व ती ओलसर, भुसभुशीत मातीत सावलीत लावावी. मुळे फुटली की कुंडीत किंवा उंच गादीवाफ्यावर न्यावी. मुळे वरवर पसरत असल्यामुळे पाणी थोडे थोडे, परंतु वारंवार द्यावे. पाणी साचले की रोप कुजते. आपल्याकडील पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली ठेवणेच शहाणपणाचे.

दिवस लहान होऊ लागले की रोपाला बारीक पांढरी फुले येतात आणि पानांची गोडी उतरते. म्हणून कळ्या दिसताच शेंडे खुडावेत, अथवा बोटभर बुंधा राखून फांद्या कापाव्यात; तो पुन्हा फुटतो. कापणी सकाळी दव वाळल्यावर करावी. फांद्या धुऊन, पाणी निथळू देऊन, सुपात किंवा स्वच्छ कापडावर सावलीत, वाऱ्याशी पातळ पसराव्यात. वाळवण जितके लवकर होईल तितके चांगले. रेंगाळले तर पाने काळवंडतात. चुरगाळताच कुरकुरली म्हणजे वाळली असे समजावे. देठ टाकून, पाने कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट झाकणाखाली, उजेडापासून दूर ठेवावीत. भुकटी लागेल तेव्हाच करावी. बुरशीचा वास आला तर मोह न धरता सर्व फेकून द्यावे.

वाळलेल्या पानांचा एक लहान चमचा पेलाभर उकळत्या पाण्यात अर्धा तास झाकून ठेवावा व गाळून घ्यावा. हे पाणी शीतपेटीत तीन-चार दिवस राहते. चहा, सरबत अथवा पेजेला ते थेंबाथेंबाने घालून चव पाहावी. हात सैल सुटला तर ज्येष्ठमधासारखी कडसर चव जिभेवर रेंगाळते.

येथे एक इशारा अवश्य द्यावासा वाटतो. साखर केवळ गोड नसते. मुरंब्यातील पाणी बांधून ठेवून ती बुरशीला दूर राखते. पानाला हे काम साधत नाही. पेरूचा जाम या पानावर केला तर तो शीतपेटीत ठेवून चार दिवसांत संपवावा. फडताळात ठेवू नये. दोदोलाला गुळाचा जो चिकट पोत येतो, तोही यातून मिळणार नाही. सान्नांचे पीठ फुगवणाऱ्या यीस्टचेही या पानावर पोट भरत नाही.

आता आजीबाईंच्या प्रश्नाकडे वळू. पान साखरेची जागा घेते, औषधाची नव्हे. चहातील दोन चमचे साखर वाचली, हा लाभ खराच. परंतु ताटातील भात, पाव व केळे रक्तातील साखर वाढवीतच राहतात. आपल्या देशात 2015 साली अन्नसुरक्षा प्राधिकरणाने संमती दिली ती शुद्ध केलेल्या द्रव्याला. कच्च्या पानाची तितकी तपासणी झालेली नाही. वजन घटविण्यासाठी अशा गोडव्यांवर भिस्त ठेवू नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली दिला. मात्र आधीच मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही, असेही तिने म्हटले आहे. म्हणून पान बेतानेच वापरावे. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी व गरोदर भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाजारातील पुडीवरील बारीक अक्षरेही वाचावीत. पुष्कळदा तिच्यात डेक्स्ट्रोज मिसळलेले असते, आणि तीही एक साखरच.

हे सर्व आम्ही आजीबाईंना सावकाश सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि सूनबाईंनी गोळ्यांची डबी चहाच्या बशीशेजारीच आणून ठेवली. आजही ती तेथेच असते. मधसुद्धा बेतानेच खावा, ही नीतिसूत्रांची शिकवण या पानालाही लागू पडते. उपवासकाळात साखर सोडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी कुंडीत एक फांदी लावावी, आणि पुढील सणाला ज्यांच्या ताटातून गोड उठले आहे अशा एखाद्या वृद्धास पेलाभर चहा आपल्या हाताने करून द्यावा. घरातील कोणी सणाला कोपऱ्यात बसू नये, एवढेच आमचे मागणे आहे.