नखालाच नख

लहानपणी आकाशातून बगळ्यांची रांग जाताना दिसली की आम्ही पोरं दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत बगळ्यांकडे कवडी मागायचो. नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्याने कवडी दिली, आणि ज्याच्या नखांवर जास्त कवड्या तो भाग्यवान. नखाच्या मुळाला कधीतरी बसलेल्या बारीकशा माराची ती खूण असते, हे फार पुढे कळलं. पण आईच्या नखांवर किती कवड्या आहेत ते आम्ही कधीच मोजलं नाही. मोजायला नख तरी कुठे धड होतं? टोकाशी चिरलेलं, पापुद्रे सुटलेलं, पदराच्या धाग्यात अडकून रक्त काढणारं. ‘आईची नखं अशीच आहेत’ म्हणून आम्ही मोकळे झालो होतो. जणू ती तशीच जन्माला आली होती.

आपल्या समाजाने बाईची नखं दोनदाच निरखून पाहिली. एकदा मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात, पोह्यांची बशी पुढे करणाऱ्या हातावर चारचौघांच्या नजरा रोखून. आणि दुसऱ्यांदा आता, दुकानात, नेलपॉलिशच्या मांडणीसमोर. या दोन पाहण्यांच्या मधली चाळीस-पन्नास वर्षं कुणी पाहिलं नाही. शनिवारी नखं कापू नयेत, दिवेलागणीनंतर तर मुळीच नाही, हे शास्त्र घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. बाईचे हात दिवसातून किती वेळा पाण्यात जावेत, याबद्दल मात्र एकाही थोराला शास्त्र सुचलेलं नाही.

नख ठिसूळ का होतं ते आधी समजून घेऊ, कारण इथे अज्ञान आणि लबाडी एकमेकांच्या गळ्यात गळे घालून बसली आहेत. नख कॅल्शियमचं नसतं. ते केरॅटिन नावाच्या प्रथिनाच्या पातळ थरांचं असतं, एकावर एक रचलेल्या पत्र्यांसारखं. कोकणातल्या घराचं लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि चार वर्षांत त्याच्या फळ्यांना भेगा पडतात. नखाचंही तेच. ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं. दिवसातून वीस वेळा हे झालं की थर सुटू लागतात. त्यात भांड्यांचा साबण आणि धुण्याची पावडर आली की नखातलं उरलंसुरलं तेलही निघून जातं.

आता दिवस मोजा. पाणी भरणं, कणीक मळणं, पालेभाजी धुणं, भांडी, धुणं, फरशी, पुन्हा भांडी, आणि सगळ्यांची उष्टी ताटं. मधल्या कोरड्या वेळात लसूण सोलायचा, मटार सोलायचे, डब्याचं घट्ट झाकण उचकटायचं, तेही नखानेच. सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायका त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं त्यात निघालं. त्यातही मेख आहे. हे ९७ फक्त घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे, आणि असे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस. उरलेल्या चौऱ्याहत्तरांची नखं उत्तम असणार.

पाण्याइतकाच दुसरा चोर रक्तात असतो. शरीरात लोह फार कमी झालं की नख पातळ पडतं आणि कधी चमच्यासारखं मधोमध खोलगट होतं. त्या खळग्यात पाण्याचा थेंब थांबून राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. फुले-आगरकरांची नावं घेतल्याशिवाय ज्याचं भाषण सुरू होत नाही त्या महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रिया पांढऱ्या पडलेल्या आहेत. पाळीतून दर महिन्याला लोह जातं हे खरं. म्हणूनच तिच्या ताटात ते जास्त यायला हवं. आपल्या घरात काय येतं? सगळ्यांची पानं उठल्यावर कढईला चिकटलेली भाजी, डाळीचं वरचं पाणी आणि सकाळची भाकरी. मटणातले बरे तुकडे आधीच वाटले गेलेले असतात. वर जेवणाला लागून चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. रक्तक्षयावर लोहाच्या गोळ्या द्यायचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. एवढ्या वर्षांत गोळी गावागावात पोहोचली. बाईचं पान मात्र शेवटच्या पंगतीतून पुढे सरकलं नाही.

आणि पाण्यात हात घालून पोट भरणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. मुंबईच्या ससून डॉकवर पहाटे कोळंबी सोलायला बसणाऱ्या बायकांचे हात पाहा: बर्फाचं पाणी, कोळंबीच्या डोक्याचा टोकदार काटा, आणि सोललेल्या मालाच्या वजनावर पैसे. हात पुसत बसलं तर मजुरी बुडते. आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशी चार घरांची भांडी घासतात. पावसाळ्यात त्यांच्या अंगठ्याला नखुर्डं झालं, ठणका लागला, तेव्हा आमच्या घरात पहिला प्रश्न कोणता निघाला? ‘म्हणजे उद्या येणार नाही का?’ हा प्रश्न मीच विचारला होता. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्राने २००८ साली केला, आणि मी मावशींना ‘मावशी’ म्हणतो. माझ्या उदारपणाची हद्द तिथे संपते. साठ-सत्तर रुपयांचे रबरी मोजे मला दहा वर्षांत सुचले नव्हते.

बाजाराला मात्र बरंच सुचतं. नखं कडक करणाऱ्या काही द्रावणांत फॉर्मल्डिहाइड असतं. त्याने नख कडक होतं हे खरं, पण फार वापरलं तर लवचिकता जाऊन काचेसारखं तडकतं. जेल नखं उतरवायला अ‍ॅसिटोनमध्ये बोटं भिजवतात, त्यात आहे तेही नख कोरडं पडतं. मग बायोटिनच्या गोळ्या. आपल्या जेवणातून साधारण पुरेसं मिळणारं हे जीवनसत्त्व अनेक पटींनी जास्त भरून विकतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये बजावलं होतं की अशा मात्रेने रक्ताच्या काही चाचण्या चुकू शकतात, आणि त्यात हृदयविकाराचा झटका ओळखायची चाचणीही आहे. बाईला लोह हवं होतं आणि थोडा आराम. तिला चकाकी मिळाली, हप्त्याने.

खरे उपाय इतके साधे आहेत की ते कुणाला विकता येत नाहीत. ओल्या कामाला रबरी मोजे, आत सुती मोज्यांचा थर, म्हणजे घामाने नख भिजत नाही. काम झालं की हात कोरडे पुसून नखांना आणि नखांच्या मुळाशी खोबरेल किंवा व्हॅसलीन चोळायचं, रात्री झोपताना तर न चुकता. नखं आखूड ठेवायची, आंघोळीनंतर मऊ असताना कापायची, कानशीने एकाच दिशेने घासायची. मुळाशी असलेली कातडी कापायची नाही. जंतूंना अडवणारी भिंत तीच. लिंबू-मीठ चोळायच्या भानगडीत पडू नये, त्याने नख आणखी कोरडं होतं. पानात हरभरे, अळीव, नाचणी, हिरव्या पालेभाज्या, अंडी, मासे, वर लिंबाची फोड. चहा जेवणानंतर तासाभराने. हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. १२ च्या खाली असेल तर दोष नखाचा नव्हे. थायरॉइडही बघून घ्यावा. नख पिवळं, जाड होत असेल किंवा त्यावर नवी काळी रेघ उठली असेल तर तेल चोळत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. आणि धीर धरावा. बोटाचं नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवं यायला सहा महिने लागतात.

हे सगळं ‘घरच्या घरी’ करता येतं असं म्हणतात. घर म्हणजे कोण? तीच. तिनेच घासायचं, तिनेच पुसायचं, तिनेच तेल लावून पडायचं, आणि तेल मुरायच्या आत कुणीतरी हाक मारणार: ‘अगं, पाणी दे.’ तेल लावायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणीतरी दुसऱ्याने उठून मोकळी करून द्यावी लागतात, आणि सगळे उपाय तिथेच अडतात. ज्या घरात बाई सर्वांबरोबर पानावर बसत नाही तिथे अळीव आणून उपयोग नाही. लाडू झाले तर ते आधी मुलाच्या डब्यात जातील.

उपदेश सोपा असतो, म्हणून गेल्या आठवड्यात मोजे घ्यायला स्वतः दुकानात गेलो. एक जोड मावशींसाठी, एक माझ्यासाठी, कारण रात्रीची भांडी आता मी घासणार असं घरी जाहीर करून बसलो होतो. दुकानदाराने दोन्ही जोड एकाच मापाचे काढून ठेवले. मी हात घालून पाहिला, अंगठ्यापाशीच अडकला. मोठं माप आहे का, असं विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाला, ‘मोठं ठेवत नाही साहेब. मागायला येतंय कोण?’