चीक कोणाचा?

गोदाकाठच्या सायखेड्यात गाय व्यायली की वासराआधी खरवसाची चौकशी होते. त्यात वावगे काही नाही. खरवस आम्हालाही आवडतो. प्रश्न एवढाच, की तो कितव्या धारेचा?

माणसाचे मूल आईच्या पोटातच वारेवाटे प्रतिपिंडांची शिदोरी घेऊन येते. गाय, म्हैस, शेळी यांच्या वारेची रचना वेगळी. तिच्यातून प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे वासरू जन्मते ते रोगांपुढे जवळपास निःशस्त्र. त्याची शिदोरी असते चिकात. पण ती जशीच्या तशी रक्तात शोषून घेण्याची ताकद त्याच्या आतड्यात तासागणिक घटते आणि २४ तासांत संपते. पुढे कितीही चीक पाजा, ते पोट भरणे झाले. म्हणून ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे तीन लिटर चीक मिळायला हवा आणि त्याची सुरुवात पहिल्या तास-दोन तासांतच व्हायला हवी.

इथेच आपली जुनी समजूत आड येते: वार पडल्याशिवाय वासराला पाजायचे नाही. वार पडायला कधी सहा-आठ तास लागतात. तोवर वासरू उपाशी आणि मोलाची वेळ हातची गेलेली. उलट वासरू लुचले की गर्भाशय आकुंचन पावते, वार सुटायला मदतच होते. गोऱ्हा झाला तर हयगय आणखी वाढते. मग आठवड्याभरात हगवण लागते आणि दोष वाऱ्या-पावसाला दिला जातो.

जन्मजात, रक्तातूनच आलेली प्रतिकारहीनताही असते. १९५२ साली अमेरिकेत जन्मलेल्या ऑस्बर्नडेल आयव्हॅनहो या नामांकित होल्स्टिन वळूच्या वंशातून ‘ब्लॅड’ नावाचा दोष जगभर पसरला. या वासरांच्या रक्तात पांढऱ्या पेशी उदंड असतात, पण त्यांना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडता येत नाही. सैन्य छावणीतच अडकते. हिरड्या सडतात, न्यूमोनिया उलटतो, बहुतेक वासरे वर्षभरात जातात. एकच सदोष जनुक असलेला वळू मात्र ठणठणीत दिसतो. १९९२मध्ये हे जनुक सापडले आणि चाचणी शक्य झाली. आपल्याकडेही रेतनासाठी ठेवायच्या होल्स्टिन वळूंची ही तपासणी केंद्राच्या नियमावलीत आहे. कुठून तरी स्वस्तात मिळालेल्या कांडीने, किंवा गावातल्या बिनचाचणीच्या संकरित वळूकडून गाय भरवणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही.

धडधाकट जनावराची प्रतिकारशक्तीही नंतर खचते. कोंबड्यांत गंबोरोचा विषाणू थेट प्रतिपिंडे घडवणारी पिशवीच उद्ध्वस्त करतो. मग दुसऱ्या रोगांच्या लसीही नीट लागू पडत नाहीत. गाईगुरांत हेच काम बुरशीचे विष गुपचूप करते. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरी सायखेड्यात शिरली. अशा पुरानंतर भिजलेला मका आणि काळा पडलेला कडबा टाकवत नाही, हे समजण्यासारखे आहे. तरी तो गव्हाणीत घालू नये.

वळूची चाचणी प्रयोगशाळेच्या हाती, पूर कोणाच्याच नाही. चिकाचे तसे नाही. गाय व्यायली की कास धुवा आणि पहिली धार वासराच्या पोटात जाऊ द्या. खरवस दुसऱ्या दिवसाच्या चिकाचाही होतो.