नोटिसा वाड्यांना, पेच भाड्याचा
नाशिक : पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकातील धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा जातात आणि बहुधा विषय तिथेच थांबतो. सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक म्हणून तरला. तिळभांडेश्वर गल्लीतील अभिनव भारत मंदिर सावरकरांच्या नावामुळे जपले गेले. अनंत कान्हेरे यांनी 21 डिसेंबर 1909 रोजी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ते विजयानंद नाट्यगृहही जुन्या नाशकातलेच. या नामांकित वास्तूंच्या शेजारच्या लाकडी माड्यांना मात्र वाली नाही.

मूळ दुखणे भाड्याचे आहे. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. 1999 च्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली खरी. पण भाडेच नाममात्र असेल तर त्या वाढीतून एक तुळईही बदलता येत नाही. मालक दुरुस्ती टाळतो, वाडा उतरवल्यास ताबा जाईल या धास्तीने भाडेकरू हलत नाही. त्यात वारसांचे दावे. स्मारक कायद्याचे कवच एकेका वास्तूला मिळते, उभ्या गल्लीला नाही. धोकादायक इमारत रिकामी करून पाडण्याचे अधिकार आयुक्तांना आहेत. दुरुस्तीचा खर्च कोणी उचलायचा, याचे उत्तर नोटिशीत नसते.