साखरेसोबत मीठ हवेच

जुलाबांनी मलूल झालेल्या बाळाला घेऊन आलेली आई पुष्कळदा सांगते, "डॉक्टर, ग्लुकोजचे पाणी सारखे पाजते आहे, तरी बाळ सुकतच चालले आहे." नुसत्या ग्लुकोजने तसेच होणार. आतड्यातील पेशींच्या आवरणात प्रथिनाचे एक दार असते. ते सोडियम व ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शिरते. पटकीतही हे दार बंद पडत नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य रुग्ण वाचवले, ते याच दाराच्या बळावर.

साखर अधिक झाली तर मात्र उलट घडते. शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते व जुलाब वाढतात. शीतपेये म्हणूनच नकोत. ओआरएसच्या पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पूर्ण विरघळवा. पुडी नसल्यास १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. चमच्याचमच्याने पाजा, उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा सुरू करा. बाळाचे डोळे खोल गेले, ते पेंगुळले किंवा पिईनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नका.