बारा महिन्यांचा जमाखर्च

मृग नक्षत्र लागले की देवळीच्या बाजारपेठेत दोन प्रकारच्या दुकानांपुढे गर्दी होऊ लागते. एक बी-बियाण्यांचे, दुसरे वह्या-पुस्तकांचे. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात आणि पेरणीही त्याच सुमारास साधावयाची असते. म्हणजे शेतकरी कुटुंबाचे वर्षातील दोन मोठे खर्च नेमके अशा महिन्यात येतात, की ज्या महिन्यात घरात येणे असे काहीच नसते. गेल्या हंगामाच्या कापसाचा चुकारा केव्हाच संपलेला असतो आणि नवे बोंड फुटावयास दिवाळी जवळ यावी लागते. हे चार-पाच महिने ज्या घराला स्वतःच्या बळावर निभावून नेता येतात ते घर तरते. इतरांना सावकाराची पायरी चढावी लागते.

घरखर्चाचे अंदाजपत्रक कसे करावे, यावर उपदेशाचा आज मुळीच तोटा नाही. पगाराचा अमुक हिस्सा किराण्याला, अमुक शिक्षणाला आणि उरेल तो शिलकीत, असे तो सांगतो. आमच्या बहुसंख्य वाचकांना एक तारखेला पगार किंवा निवृत्तिवेतन मिळते, त्यामुळे त्यांच्यापुरता तो ठीकच आहे. परंतु या तालुक्यात सोयाबीनवर दिवाळी निघते, तुरीवर एखादे लग्नकार्य आणि कापसावर उरलेले वर्ष. अशा घराचा हिशेब गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंतच मांडावा लागतो. सालगड्याचे साल ज्या दिवशी ठरते, त्याच दिवशी घराचेही साल ठरावे, हे आमच्या मते अधिक शहाणपणाचे.

ही गोष्ट सरकारी नियमांच्या कर्त्यांनाही उमगलेली दिसत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या एप्रिलपासून सूक्ष्म कर्जांना एक मर्यादा घातली आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाचे कर्जाचे सर्व हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असू नयेत, असा तो नियम. हेतू चांगला, पण गणित करून पाहावे. ३ लाखांचे महिन्याला २५ हजार आणि त्याचे निम्मे १२,५००. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ४,१२२ रुपये येतो. चार माणसांच्या घराला तो १६,४८८ होतो. हाती उरले ८,५१२. नियमाने संमत केलेला हप्ता आणि प्रत्यक्ष शिल्लक यांत सुमारे चार हजारांची तफावत पडते, आणि पाहणीतल्या त्या खर्चात बी-खताचा पैसा धरलेला नाही. शिवाय हे २५ हजार कागदावरचे. जून महिन्यात त्यांतले किती घरात असतात, हे कोणीही सांगू शकेल.

व्याजाची गोष्ट याहून गंभीर आहे. आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा सरळव्याजाची उदाहरणे मुले चटकन सोडवीत; पण त्यांच्या घरी 'शेकडा तीन' हा दर कोणालाच फारसा वाटत नसे, कारण तो महिन्याचा आहे, वर्षाचा ३६ होतो, हे कोणी उच्चारीतच नसे. जूनमध्ये या दराने उचललेल्या २० हजारांवर डिसेंबरपर्यंत ३,६०० रुपये व्याज चढते. बँकेचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला केंद्राच्या सवलतीनंतर ४ टक्के पडतात. तेवढ्याच रकमेवर तेवढ्याच काळात ४०० रुपये. म्हणून कापसाचा पहिला पैसा हाती आला की तो आधी बँकेत गेला पाहिजे. २०१७ व २०१९ च्या कर्जमाफ्यांनंतर पुढच्या माफीची वाट पाहण्याची सवय अनेकांना लागली आहे. तिच्यापायी बँकेतली पत जाते आणि चारची वाट बंद होऊन छत्तिसाची तेवढी उघडी राहते. भावच न मिळाल्यामुळे ज्यांना फेड अशक्य झाली, त्यांना हा दोष देता येणार नाही, हे उघड आहे.

जमाखर्चाच्या वहीत पहिले पान देण्याचे असावे आणि ते नवराबायकोने मिळून लिहावे, असे आम्हांस वाटते. २००६ साली केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वर्धा होता. ती कशासाठी द्यावी लागली हे येथे कोणास सांगावयास नको. कर्ता पुरुष गेल्यावर दारी येणाऱ्या माणसांकडून देण्याचा आकडा प्रथम कळावा, ही वेळ अनेक घरांतील बायांवर आली. उलट बाजूही आहे. महिला गटांमार्फत मिळणारे कर्ज बाईच्या नावावर असते आणि त्याचा हप्ता कितीचा, हे पुष्कळदा नवऱ्याला ठाऊक नसते. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये बाईच्याच खात्यात येतात. वर्षाचे ते १८ हजार होतात. पुष्कळ शेतकरी घरांत महिन्याच्या महिन्याला येणारी तेवढीच रक्कम असावी, आणि तीही कोणत्या हप्त्यात जिरते याची नोंद नसते.

वर्धा जिल्ह्याला हे नवे नाही. विलायतेत विद्यार्थी असताना पैपैचा हिशेब ठेवणारे गांधीजी सेवाग्रामला राहिले. लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेतलेले कुमारप्पा मगनवाडीत खेड्याच्या अर्थकारणाचा विचार करीत बसले.

येथील शाळांनी एवढे करावे की आठवी-नववीच्या मुलामुलींना सरळव्याजाचे उदाहरण पुस्तकातले न देता घरचे आणावयास सांगावे: देणे किती, दर महिन्याचा की वर्षाचा, फेड कोणत्या पिकावर. काही बापांना हे रुचणार नाही, पोरांना घरचे देणे कशाला, असे ते म्हणतील. त्यांच्याशी गुरुजींनी वाद घालू नये. वही मुलीबरोबर घरी पाठवावी आणि आईजवळ द्यावयास सांगावे.